तुम्ही विचारलंत म्हणून: ती कानाखाली

हो, खरी होती.

गडकरी रंगायतनच्या बाहेर, लग्नांत, ऑफिसात, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे माझा जबडा उघडा असताना हाच प्रश्न आलाय: "पिक्चरमध्ये त्या पोराच्या कानाखाली तू खरंच वाजवलीस का रे?" आजवर हसून "अ‍ॅक्टिंग हो" म्हणत आलो. आता नाही म्हणवत.

पिक्चर तुम्ही पाहिलाय म्हणून तर विचारता, तेव्हा गोष्ट सांगत बसत नाही. 2015 साली एका डीएसएलआर कॅमेऱ्यावर सोळा दिवसांत उरकला होता. मला 3,000 रुपये मिळाले, तेही दिवाळी उलटल्यावर. मी वीसचा, सतराचा म्हणून खपून गेलो. समोरचा पोरगा खरोखरच तेरा वर्षांचा, कोपरखैरण्यातला. वडील माथाडी, एपीएमसी मार्केटात गोणी वाहायचे. त्याने गणपतीच्या नाटुकल्यातसुद्धा कधी काम केलं नव्हतं, आणि दिग्दर्शकाला तेच हवं होतं.

कानाखालीची तालीम आम्ही नीट केली होती. माझा हात गालापासून वीतभर लांबून जाणार, त्याने त्याच क्षणी मान झटकायची. कॅमेरा माझ्या खांद्यामागे, म्हणजे मधली फट दिसत नाही. पोरगा दर वेळी फिदीफिदी हसायचा. शूटिंगच्या दिवशी गच्चीवर उजेड उतरत चालला होता, तीन टेक वाया गेले होते. दिग्दर्शक माझ्या कॉलरचा माइक नीट करायच्या निमित्ताने जवळ आला आणि पुटपुटला, "या टेकला लागू दे. त्याला सांगू नकोस."

मी वीस वर्षांचा होतो, सेटवर दिग्दर्शकाचं ऐकायचं असतं, हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. एवढ्या युनिटमध्ये ही गोष्ट फक्त मला माहीत होती. आणि हात जरा जास्तच जोरात बसला.

त्याने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग खाली. मग लाइन अचूक म्हटली: "पैसे नाहीयेत माझ्याकडे." कट. टाळ्या. तो माझ्यापाशी आला. गालावर तीन बोटं उठली होती.

"दादा, मी लाइन चुकलो होतो का?"

"नाही रे, एक नंबर केलंस."

"मग?"

तेवढ्यात कुणीतरी वडापाव आणले आणि मी पाठ वळवली.

सेफ्टीला म्हणून अजून एक टेक घेतला. तो कामाचा निघाला नाही. मी हात उचलायच्या आधीच त्याने मान खांद्यात घेतली होती.

गंमत म्हणजे तुम्हाला थिएटरात जो आवाज दचकवतो, तो मात्र खोटा आहे. खऱ्याचा आवाज अगदी फुसका रेकॉर्ड झाला होता. साउंडवाल्याने नंतर स्टुडिओत स्वतःच्या मांडीवर चापट्या मारून दुसरा बसवला.

2017मध्ये लहान कलाकारांसाठी नियम आले: मुलाची स्वतःची संमती, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, कमाईतले निदान 20 टक्के त्याच्या नावाने मुदत ठेवीत. आमच्या वेळी हे नव्हतं, असं मी बरीच वर्षं ऐकवत होतो. जसं काही नियम नव्हता म्हणून मला कळत नव्हतं. पण मग हेही खरं, की तो शॉट नसता तर पिक्चर तुमच्या लक्षात राहिला नसता. हे लिहितानासुद्धा मला तो काढून टाकावासा वाटत नाही. काय करू?

गेल्या वर्षी तो भेटला, कोपरखैरणे स्टेशनबाहेर. दाढी आलीय, टेम्पो चालवतो. "दादा!" करून मिठीच मारली आणि सोबतच्या मित्राला म्हणाला, "यांनीच मारलेलं मला पिक्चरमध्ये."

मित्राने विचारलं, "खरोखर?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाय रे, अ‍ॅक्टिंग असते ती."

मी मान डोलावली.