दहा प्रॉप आणि माझं पहिलं मतदान

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, मतदार म्हणून नोंदणीही सहज झाली. खरं काम पडलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, मतपत्रिका टपालाने सॅन होजेच्या घरी आली तेव्हा. उमेदवारांच्या नावांखाली कॅलिफोर्निया राज्याचे दहा प्रस्ताव होते, इथे सगळे ज्यांना ‘प्रॉप’ म्हणतात ते. काही विधिमंडळाने लोकांपुढे ठेवलेले, काही सह्या गोळा करून आलेले. त्या वर्षी नवा कायदा सुचवायला ५,४६,६५१ सह्या लागत होत्या, राज्यघटनाच बदलायची तर ८,७४,६४१.

सोबत राज्याची जाडजूड मतदार मार्गदर्शिका आली. ती हिंदीतही मिळते, मराठीत नाही. मी ती मागून वाचायला घेतली. शेवटी कायद्याचा मूळ मजकूर असतो, कोणते शब्द खोडले जाणार आणि कोणते नवे येणार ते त्यात दिसतं. मग विधिमंडळाच्या विश्लेषकाचा तटस्थ खुलासा, आणि बाजूचे व विरोधातले युक्तिवाद सगळ्यात शेवटी. टीव्हीवरच्या जाहिरातींपेक्षा हे शंभरपट उपयोगी, नव्या मतदारांनी असंच वाचावं.

प्रॉप ३ वर मी अडले. लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच वैध, असं २००८ च्या प्रॉप ८ ने सुमारे ५२ टक्के मतांनी राज्यघटनेत घातलं होतं. न्यायालयीन लढाईनंतर २०१३ पासून इथे समलिंगी विवाह पुन्हा होऊ लागले, पण ते शब्द घटनेत तसेच राहिले होते. ते काढायचे का, हा प्रश्न. आमच्या शेजारी दोन पुरुषांचा संसार आहे, आमच्या मुलांना ते काकांसारखे. त्यांच्या लग्नावर मी कोण मत देणार?

माझे वडील पेडण्याचे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याचा जनमत कौल झाला, तेव्हा त्यांनी विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला होता. वेगळं राहण्याची खूण असलेली दोन पानं जिंकली, गोवा महाराष्ट्रात गेला नाही. बाबांना वाईट वाटलं, पण निकाल त्यांनी मानला, कारण तो प्रश्न मत देणाऱ्या प्रत्येकाच्या स्वतःच्या घरादाराचा होता. इथे मी दुसऱ्याच्या घराबद्दल ठरवत होते. तरीही मतांनी घटनेत घातलेलं मतांनीच निघतं, म्हणून पूर्ण मनाने ‘यस’ केलं.

प्रॉप ६ तर त्याहून जिव्हारी लागला. गुन्ह्याची शिक्षा म्हणून वेठबिगारी करून घ्यायला कॅलिफोर्नियाची घटना मुभा देते, ती काढायची होती. तुरुंगात काम करणाऱ्यांना सहसा तासाला एक डॉलरही मिळत नाही. आणि राज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्यांना मतच नाही! ज्यांच्या अंगावर निकाल पडणार, ते या प्रश्नात बोलूच शकत नव्हते. इथेही ‘यस’.

चोरी आणि अमली पदार्थांच्या शिक्षा वाढवणाऱ्या प्रॉप ३६ ला सगळ्यात जास्त वेळ लागला. ओळखीच्या किराणावाल्या ताईंचं नुकसान मी पाहिलं होतं, व्यसनाने पोखरलेली माणसंही रोज दिसत होती. शेवटी ‘नो’ केलं. ताईंना तसं सांगितलंही. त्यांना पटलं नाही.

पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं. जुळली नाही तर पत्र येतं आणि दुरुस्तीची संधी मिळते. मी पाकीट मतपेटीत टाकलं आणि मत मोजणीसाठी स्वीकारल्याचा संदेश फोनवर आला.

प्रॉप ३ जवळपास ६३ टक्क्यांनी मंजूर झाला. प्रॉप ३६ सुद्धा, मोठ्या फरकाने. प्रॉप ६ मात्र पडला, ५३ टक्क्यांहून जास्त मतं विरोधात गेली. मार्गदर्शिकेत त्याच्या विरोधात एकही युक्तिवाद कुणी दिला नव्हता, म्हणून मला वाटलं होतं तो सहज मंजूर होईल. आमच्या मराठी मंडळातल्या कितीतरी जणांनी प्रॉप ६ ची ओळ वाचलीच नव्हती, काहींनी तर रकाना कोरा सोडला होता. हा विषय पुन्हा मतपत्रिकेवर आला, तर त्यांच्यासाठी त्याचा मजकूर मी मराठीत लिहून देणार आहे.