आमची वाटचाल : रंग निघाला पाहिजे, प्लास्टिक राहिलं पाहिजे

आमच्या बोर्डावर अजून 'डेंटिंग-पेंटिंग' असंच लिहिलेलं आहे, पण आता आम्ही रंग मारतो कमी आणि काढतो जास्त. 1985 साली बजाजचा कारखाना औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला आला, मागोमाग सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले आणि दुचाकींची कामं वाढली. बाबांनी त्याच भागात गॅरेज टाकलं. त्या वेळी स्कूटर म्हणजे निव्वळ पत्रा. रंग काढायचा तर रिमूव्हर फासायचा, फुगला की पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा, वरून थिनरची चिंधी मारायची. पुढे साइड पॅनेल, मडगार्ड, पुढचं कव्हर सगळं प्लास्टिकचं झालं आणि बाबांची ही पद्धत तिथे चालेना. पत्र्याच्या रिमूव्हरमध्ये बहुधा डायक्लोरोमिथेन हे जहाल द्रावक असायचं. ते रंग काढतं तसंच एबीएस, म्हणजे गाड्यांच्या पॅनेलचं कडक प्लास्टिकही विरघळवतं. गॅरेजवाल्यांनी मग सोपं उत्तर शोधलं होतं : "नवीन पार्ट टाका."

मी चिकलठाण्याच्या सिपेट या प्लास्टिकचं शिक्षण देणाऱ्या संस्थेतून प्लास्टिकचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका मोल्डिंग शॉपमध्ये काढली आणि 2014 मध्ये बाबांच्या जागेत परत आलो. गिऱ्हाइकं रोजच येत होती. कुणी हौसेने घरी स्प्रे मारलेला, कुणाच्या गाडीवर शेजारच्या ग्रिलचा रंग उडालेला, धुळवडीनंतर तर चंदेरी-सोनेरी माखलेल्या गाड्यांची रांगच. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "कशाने निघेल?" आम्ही उलटा प्रश्न विचारायला लागलो, "कशावर बसलाय?" धंदा खरा तिथून सुरू झाला.

पॅनेल हातात आलं की पहिल्यांदा उलटं करायचं. आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेली अक्षरं असतात : एबीएस, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीसी (पॉलिकार्बोनेट). बंपरवर कधी 'पीपी, ईपीडीएम, टी-20' असं सापडतं. ईपीडीएम म्हणजे एक रबर. हे टी-20 क्रिकेटचं नव्हे, त्यात वीस टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड आहे एवढाच त्याचा अर्थ. खूण नसेल तर कडेचा बारीक तुकडा पाण्यात टाकून बघतात. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्क भरलेलं पीपीही बुडतं, म्हणून नुसत्या बादलीवर आमचा भरवसा नाही. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाने अॅसिटोन या द्रावकाचा एक थेंब टेकवतो. एबीएस लगेच चिकट होतं, पीपीला ढिम्म फरक पडत नाही.

डब्यातला स्प्रे बहुतेक वेळा हार्डनरशिवायचा, म्हणजे रंग कायमचा पक्का करणारं रसायन नसलेला असतो. द्रावक उडून गेलं की तो सुकतो आणि योग्य द्रावक मिळालं की पुन्हा मऊ पडतो. खालचा कंपनीचा रंग सहसा हार्डनर घालून पक्का केलेला, तो इतक्या सहज हलत नाही. या दोघांच्या मधल्या फटीतच आमची रोजीरोटी आहे.

एबीएसच्या पॅनेलवर आम्ही थिनर आणूच देत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धूळ काढायची, नाहीतर तीच धूळ ओरखडे पाडते. मग होजिअरीच्या कापडाची घडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत आयपीएमध्ये भिजवून डागावर ठेवायची, रंग मऊ पडू द्यायचा आणि एकाच दिशेने पुसून घ्यायचं. घडी प्रत्येक वेळी बदलायची. नवीन पोरं गोल गोल घासतात, मग विरघळलेला रंग दाणेदार पृष्ठभागाच्या खाचांत जाऊन बसतो आणि तो मऊ टूथब्रशने काढताना घाम निघतो. गुळगुळीत पॅनेलवर राहिलेली सावली दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी सोडत, हलक्या हाताने जाते, वर कंपाउंड म्हणजे पॉलिशची पेस्ट. दाणेदार पॅनेलला पेपर लावायचा नाही. दाणे गेले की ते परत येत नाहीत.

पीपीचं काम सोपं. प्रायमर नसेल तर त्यावर रंग मुळात धरतच नाही. गरम पाणी, प्लास्टिकची पट्टी, चिकटपट्टीचा झटका, पापुद्रे निघतात. सोसायटीतल्या मुलांच्या प्लास्टिकच्या घसरगुंड्याही रंग न धरण्याच्या बाबतीत याच जातीतल्या.

खरी परीक्षा हेडलाइटची. गारखेड्याचा एक मुलगा धुळवडीनंतर हेडलाइट घेऊन आला होता. चंदेरी रंग त्याने ताईच्या नेलपॉलिश रिमूव्हरने पुसलेला. रंग गेला होता, पण काच दुधाळ झाली होती आणि उन्हात धरल्यावर आत बारीक तड्यांचं जाळं दिसत होतं. "दादा, पॉलिशने जाईल ना?" नाही जात. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. मोल्डिंगमध्ये राहिलेला ताण रिमूव्हरमधलं अॅसिटोन लागताच तड्यांतून मोकळा होतो. शिवाय वर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो, तो घासून काढला तर लाइट पुढे पिवळा पडतो. मागच्या दिव्याचं अॅक्रिलिक आणखी नाजूक, तिथे आम्ही अल्कोहोलही टाळतो.

2020 मध्ये लॉकडाऊनमुळे काम थांबलं आणि सुरू झालं तेव्हा आयपीए सॅनिटायझरमध्ये चाललेलं, भाव अस्मानाला भिडलेले. कसंबसं निभावलं. त्यानंतर एका पेंट शॉपने रिजेक्ट पार्टचं मोठं काम देऊ केलं होतं. भट्टीत पक्का झालेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग, खाली एबीएस. रसायनाने तो काढायचा तर प्लास्टिकही जाणार, म्हणून नाही म्हटलं. घासून पुन्हा रंगवा, हे त्यांना सांगितलं. त्याचे पैसे अर्थातच मिळाले नाहीत, पण नंतर तिथूनच ओव्हरस्प्रेची, म्हणजे फवारताना नको तिथे उडालेला रंग काढायची कामं यायला लागली.

आयपीएचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळाली तर वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, 12 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. आमच्याकडचा उन्हाळा बघता ही गंमत नाही. ही कामं सकाळी, दारं उघडी ठेवून, जवळ वेल्डिंग बंद. वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात जातात, तिथून धोकादायक कचरा म्हणून अधिकृत वाहनात. गटारात काही ओतायचं नाही.

हल्ली फोनवर विचारणाऱ्यांना आम्ही आधी पार्टच्या मागच्या बाजूचा फोटो मागतो. पुढचं पाऊल म्हणजे हेडलाइटवर तो संरक्षक थर पुन्हा चढवणं. बाबा म्हणतात, गिऱ्हाईक आहे तर काम घे. मी म्हणतो, धूळबंद खोली झाल्याशिवाय नको. वाद चालू आहे.