पाठ फिरवून पाहिलेला हंगाम

२०१९ च्या ब्रिटिश टुरिंग कार चॅम्पियनशिप या मोटारशर्यतींच्या मालिकेच्या दहा सप्ताहान्तांपैकी सहा मी सर्किटच्या कुंपणाच्या आत, नारिंगी ओव्हरऑल घालून काढले; तरीही त्या हंगामातील एकही शर्यत मी पूर्ण पाहिली, असे मला म्हणता येणार नाही. मी तेव्हा प्रशिक्षणार्थी मार्शल होतो. शर्यत सुरू असताना ट्रॅकच्या कडेला उभे राहून ध्वज दाखवणारे, अपघात झाला की अग्निशामक घेऊन धावणारे आणि सांडलेले तेल झाडून काढणारे हे लोक ब्रिटनमध्ये बहुतांशी विनामोबदला काम करतात, हे मला आदल्या वर्षापर्यंत ठाऊकही नव्हते. प्रेक्षक म्हणून ब्रँड्स हॅच सर्किटवर गेलो असताना कुंपणाजवळ उभ्या असलेल्या एका मार्शलशी बोलणे झाले आणि त्यातून ही वाट सापडली.

नोंदणी अवघड नव्हती. नियामक संस्थेकडे अर्ज केला तेव्हा तिचे नाव मोटर स्पोर्ट्स असोसिएशन होते. २०१९ च्या आरंभी ते बदलून मोटरस्पोर्ट यूके झाले. प्रशिक्षणार्थी म्हणून ओळखपत्र मिळाले आणि सोबत हजेरीची नोंद ठेवण्याचे एक कार्ड मिळाले. प्रत्येक दिवसाच्या शेवटी पोस्टच्या, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या मार्शलांच्या ठाण्याच्या, प्रमुखाने त्यावर सही करायची, त्या दिवशी कोणते काम केले ते लिहायचे, आणि पुरेशा सह्या व प्रशिक्षण झाले की वरच्या श्रेणीसाठी अर्ज करायचा, अशी ती पद्धत होती. मला तिच्यातील साधेपणा फार आवडला. परीक्षेतील गुणांपेक्षा, तुमच्या शेजारी दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाचे तुमच्याविषयीचे मत तिथे अधिक मोलाचे धरले जाई.

हिवाळ्यात मार्शलांच्या क्लबने घेतलेल्या प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळचा सगळा वेळ ध्वजांवर गेला. एकच पिवळा ध्वज हलवला तर धोका ट्रॅकच्या कडेला आहे, वेग कमी करा आणि पुढच्या गाडीला ओलांडू नका. दोन पिवळे हलवले तर ट्रॅक पूर्णपणे किंवा अंशतः अडलेला आहे, थांबावे लागेल अशा तयारीने या. हिरवा म्हणजे पुढचा मार्ग मोकळा. पिवळ्यावर लाल पट्टे असलेला ध्वज निसरड्या पृष्ठभागासाठी, पांढरा समोर हळू जाणारे वाहन आहे हे सांगण्यासाठी, निळा मागून वेगवान गाडी येत आहे हे सांगण्यासाठी. पिवळा ध्वज मात्र इतरांहून वेगळा आहे, कारण तो दाखवण्यासाठी पोस्टला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. लाल ध्वज नियंत्रण कक्षाच्या आदेशाशिवाय वर जात नाही. पिवळा जातो तो तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर आणि निर्णयावर विसंबून. जी गोष्ट करायला कोणी सांगणार नाही, ती चुकली तर दोष कोणाला द्यायचा हेही उघड असते. दुपारी पत्र्याच्या ट्रेमध्ये पेटवलेले इंधन विझवायला लावले. वारा पाठीवर घ्यायचा, ज्वाळेच्या टोकाकडे न पाहता तळाकडे नेम धरायचा आणि आग विझली असे वाटल्यावरही अग्निशामक खाली ठेवायचा नाही, एवढे तीन नियम मी त्या दिवशी पाठ केले.

पहिला सप्ताहान्त ६ आणि ७ एप्रिलचा, ब्रँड्स हॅचच्या छोट्या इंडी सर्किटवर. तिथे मी अपघात हाताळणाऱ्या चमूत होतो आणि माझ्या वाट्याला मुख्यतः झाडू आला. टुरिंग कारच्या सप्ताहान्ताला येणाऱ्या प्रेक्षकाला शनिवारची पात्रता फेरी आणि रविवारच्या तीन शर्यती आठवतात. मार्शलला त्यांच्या मधल्या सगळ्या पूरक शर्यतीही सांभाळाव्या लागतात. त्या वर्षी त्यांत फॉर्म्युला ४ च्या उघड्या चाकांच्या गाड्या होत्या आणि १४ ते १७ वर्षांच्या मुलांची जिनेटा ज्युनियर ही शर्यतही होती. शेजारच्या घरातील शाळकरी मुलाच्या वयाचा चालक हेल्मेट काढून खडीच्या पट्ट्यात उभा असलेला पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलावे हे मला कळेना. आमच्या प्रमुखांनी त्याला फक्त कठड्यामागे उभे केले, पाणी दिले आणि त्याचा हात थरथरणे थांबेपर्यंत त्याच्याजवळ थांबले.

मे महिन्यात थ्रक्स्टनला मी प्रथमच ध्वजांवर गेलो. अँडोव्हरजवळचे हे जुने हवाई दलाचे मैदान ब्रिटनमधील सर्वांत वेगवान सर्किट मानले जाते, आणि माझा खरा अभ्यास तिथे झाला. ध्वजाच्या जागेवर दोघे जण समोरासमोर उभे राहतात. निळा ध्वज धरणाऱ्याचे तोंड येणाऱ्या गाड्यांकडे असते. पिवळा धरणाऱ्याचे तोंड गाड्या जातात त्या दिशेला असते, म्हणजे येणाऱ्या सगळ्या गाड्यांकडे त्याची पाठ असते. त्याने पुढच्या पोस्टपर्यंतचा आपला टापू सतत पाहत राहायचे आणि तिथे काही घडले की क्षणात पिवळा वर न्यायचा. त्याच्या पाठीमागे काही घडले, एखादी गाडी घसरत पोस्टच्या दिशेने येऊ लागली, तर ते त्याला दिसणार नाही. ते समोरच्याने पाहायचे आणि ओरडून किंवा दंडाला धरून त्याला बाजूला घ्यायचे. त्या दिवशी माझ्यासमोर निळा ध्वज घेऊन माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. काम सुरू होण्याआधी त्यांनी एकच गोष्ट सांगितली: तुमच्या मागे काय आहे ते मी पाहीन, माझ्या मागे काय आहे ते तुम्ही पाहा, आणि यात अदलाबदल करू नका.

मी अदलाबदल केली. रविवारच्या पहिल्या शर्यतीत तीसच्या आसपास गाड्या एका घोळक्यात मागून आल्या, त्यांचा आवाज पाठीवर अक्षरशः आदळला आणि मी मान वळवली. एक सेकंद, फार तर दीड. तेवढ्यात पुढच्या वळणाच्या बाहेर एक गाडी गवतावर जाऊन परत आली. ती परत आली म्हणून काही बिघडले नाही, पण माझा पिवळा ध्वज खालीच होता. शर्यत संपल्यावर त्या गृहस्थांनी आवाज न चढवता मला विचारले की मागे वळून मला नेमके काय दिसले. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण घोळक्याशिवाय मला काहीच दिसले नव्हते. मग ते म्हणाले की तुम्ही वळलात तेव्हा मीही तुमच्याकडे पाहिले, म्हणजे त्या क्षणी दोन्ही दिशांना कोणाचेच लक्ष नव्हते. माझी चूक माझ्यापुरती राहिली नव्हती, ही गोष्ट मला त्या वाक्याने जितकी समजली तितकी कोणत्याही पुस्तिकेने समजली नसती.

त्या रात्री तंबूत पडल्यावर मला पुण्यातील विसर्जन मिरवणूक आठवली. महाविद्यालयात असताना दोन वर्षे मी आमच्या ढोल पथकाचा दोर धरत असे. दोर धरणाऱ्याचे तोंड गर्दीकडे आणि पाठ पथकाकडे असते. ताशाची तर्री कानांत भरते, ध्वज नाचवणाऱ्या मुलांसाठी लोक टाळ्या वाजवतात, आणि आपण मात्र समोरच्या गर्दीतील लहान मुले, म्हातारी माणसे आणि रेटा कुठून येतो ते पाहत असतो. तेव्हा मला त्याचे कधी वाईट वाटले नव्हते, कारण वादन आपल्यासाठी नसून आपण वादनासाठी आहोत हे कोणी न सांगता मान्य होते. थ्रक्स्टनमध्ये पाठीमागून येणारा आवाज पाठीमागेच ठेवणे मला त्यानंतर जमू लागले.

क्रॉफ्ट, ओल्टन पार्क आणि स्कॉटलंडमधील नॉकहिल मला लांब पडत होते, तिकडे गेलो नाही. ऑगस्टच्या आरंभी स्नेटरटन आणि दोन आठवड्यांनी पुन्हा थ्रक्स्टन, असे दोन सप्ताहान्त लागोपाठ केले. स्नेटरटनला एका पूरक शर्यतीत एका गाडीने वळणाच्या ऐन मध्यावर तेल सांडले, आणि त्यावर सिमेंटची पूड पसरून ती झाडूने घासण्यात आम्हा चौघांचा जेवणाचा वेळ गेला. पूड कमी पडली तर तेल राहते, जास्त पडली तर पहिल्या दोन गाड्यांमागे धुळीचा ढग उठतो आणि तिसऱ्याला काही दिसत नाही; किती हे हाताला कळावे लागते.

एव्हाना शर्यतीच्या नियमांकडेही मी वळणावरून पाहू लागलो होतो. या चॅम्पियनशिपमध्ये यशस्वी गाडीत जास्तीचे वजन ठेवत असत: पहिल्या शर्यतीसाठी गुणतक्त्यातील स्थानानुसार आणि पुढे आधीच्या शर्यतीच्या निकालानुसार. घरी बसून पाहताना मला हा नियम अन्यायाचा वाटत असे. वळणावर उभे राहिल्यावर दिसते की वजनदार गाडी ब्रेक लागल्यावर पुढे अधिक झुकते, तिचा चालक वळणाच्या आत थोडा लवकर येतो, आणि मागचा हलका चालक नेमकी तीच जागा हेरतो. दिवसाच्या तिसऱ्या शर्यतीत आणखी एक गोष्ट घडते. त्या हंगामात दुसऱ्या शर्यतीतील पहिल्या सहा ते दहा गाड्यांचा क्रम सोडत काढून उलटा करत, त्यामुळे वेगवान गाड्या मागे आणि तुलनेने संथ गाड्या पुढे उभ्या राहत. प्रेक्षकांसाठी ही शर्यत सर्वांत रंगतदार आणि आमच्यासाठी सर्वांत कामाची. सकाळपासून उभे राहून पाय दुखायला लागलेले असतात तेव्हाच ती येते. माझ्या मते हा नियम चांगला आहे, कारण एका गुणासाठी दहाव्या स्थानापर्यंत सगळे झुंजतात. मात्र त्या झुंजीची किंमत कुठे मोजली जाते हेही प्रेक्षकांना माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

सप्टेंबरअखेरच्या सिल्व्हरस्टोनबद्दल सांगण्यासारखे विशेष नाही. पावसाळी जोडे विकत घेतले, एवढे खरे.

१२ आणि १३ ऑक्टोबरला हंगाम ब्रँड्स हॅचवरच संपला, या वेळी जंगलात शिरून परत येणाऱ्या लांब ग्रांप्री सर्किटवर. गाड्या जंगलातून बाहेर पडून मुख्य सरळ रस्त्याकडे वळतात त्या क्लिअरवेज वळणावर माझी नेमणूक झाली, हातात पिवळा ध्वज, आणि समोर निळा ध्वज घेऊन थ्रक्स्टनचेच ते गृहस्थ. अखेरच्या शर्यतीपर्यंत विजेतेपद ठरलेले नव्हते. बीएमडब्ल्यूमधील उत्तर आयर्लंडचा कॉलिन टर्किंग्टन आधीच्या शर्यतीत मागे फेकला गेला होता आणि होंडामधील डॅन कॅमिशला विजेतेपद हातातोंडाशी आलेले होते. प्रेक्षकांचे बांध भरलेले होते. त्यांची मान एकाच वेळी एका दिशेने फिरे, त्यावरून गाड्या कुठे असाव्यात हे मला समजे, पण माझे डोळे क्लार्क कर्व्हच्या टापूवरून हलले नाहीत.

शेवटच्या काही फेऱ्या राहिल्या असताना घोळका आमच्या मागून आला, पुढे गेला, आणि समोरचे गृहस्थ येणाऱ्या गाड्यांवरची नजर न काढता म्हणाले, ‘कॅमिश आला नाही.’ मग पोस्टप्रमुखांच्या रेडिओवर ऐकू आले. जंगलातील हॉथॉर्न वळणावर, सर्किटच्या अतिशय वेगवान भागात, होंडाचे ब्रेक निकामी झाले होते आणि गाडी कठड्यावर आदळली होती. बांधावरून एकच मोठा आवाज उठला. त्यात हर्ष किती आणि धसका किती, हे मला वेगळे करता आले नाही. मी त्या दिशेला वळलो नाही. वळून दिसले असते ते फक्त झाडांचे शेंडे, आणि माझ्या टापूतून अजून सगळ्या गाड्या जायच्या होत्या. कॅमिश गाडीतून सुखरूप बाहेर आला हे कळेपर्यंतचा वेळ फार लांब वाटला. टर्किंग्टन सहावा आला. अवघ्या दोन गुणांनी त्याने आपले चौथे विजेतेपद मिळवले.

शर्यतीनंतरच्या सावकाश फेरीत चालक खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येक पोस्टला अभिवादन करतात, आणि ती एकच फेरी अशी असते की पिवळा ध्वजवाला गाड्यांकडे तोंड करून उभा राहू शकतो. मी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आम्ही ध्वज गुंडाळले, अग्निशामक मोजून गाडीत चढवले, आणि अंधार पडू लागला तेव्हा पोस्टप्रमुखांनी माझ्या कार्डावर हंगामातील शेवटची सही केली. कामाच्या रकान्यात त्यांनी ‘पिवळा ध्वज, देखरेखीची गरज नाही’ असे लिहिले. त्या गृहस्थांनी ते वाचले आणि माझा हात हातात घेऊन जरा वेळ धरून ठेवला.

रेडिंगला पोहोचायला रात्रीचे दहा वाजून गेले. पत्नीने दिवसभराचे प्रक्षेपण मुद्रित करून ठेवले होते आणि जेवता जेवता आम्ही ती अखेरची शर्यत लावली. हॉथॉर्नचा प्रसंग आला तेव्हा ती गाडीकडे पाहत होती. मी रिमोट घेऊन तो तुकडा मागे नेला, आणि चित्राच्या कडेला ते पोस्ट कुठे असेल, तिथे पिवळा घेऊन पाठमोरे कोण उभे असेल, ते शोधू लागलो.