आत्याच्या गोळीचे पेटंट

२०२२ च्या चतुर्थीला आम्ही सारे मालवणात जमलो होतो आणि आरत्या आटोपल्यावर ओटीवर विषय निघाला तो आत्याच्या औषधाचा. तिच्या स्तनाच्या कर्करोगासाठी मुंबईच्या डॉक्टरांनी पालबोसिक्लिब लिहून दिले होते. एकवीस दिवस रोज एक गोळी, मग सात दिवस खंड, असा त्याचा क्रम होता. कुडाळहून कोकणकन्येने दादर गाठायचे, तपासण्या करून पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन परतायचे, यातच बागेतल्या कलमांचे आलेले पैसे सरत होते. या औषधाचे पेटंट २०२७ पर्यंत आहे, तोवर ते स्वस्त होणार नाही, असे एका नातलगाने सांगितले, तेव्हा आत्या काही न बोलता आत निघून गेली. त्या रात्री मी शोधाला बसलो.

२०२७ हे साल खोटे नव्हते, पण ते अमेरिकेचे होते. पेटंट हा ज्या त्या देशापुरता हक्क असतो. औषधाच्या मंजुरीत गेलेल्या काळाची भरपाई म्हणून अमेरिकेत पेटंटची मुदत वाढवून मिळू शकते. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. येथे अर्ज दाखल झाल्यापासून वीस वर्षे मोजतात, आणि अर्ज आंतरराष्ट्रीय मार्गाने आलेला असेल तर त्या आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून. पेटंट प्रत्यक्षात कधी मंजूर झाले, यावर मुदत ठरत नाही.

भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मी आधी औषधाचे व्यापारी नाव घातले, मग पालबोसिक्लिब हे मूळ नाव घातले, पण हाती काही लागले नाही. अर्ज होतो तेव्हा रेणूला पुष्कळदा नावच मिळालेले नसते, शीर्षकात केवळ त्याची रासायनिक जात असते, हे मला फार उशिरा उमगले. अखेर उलट्या वाटेने गेलो. ऑरेंज बुक या अमेरिकेतल्या मंजूर औषधांच्या सरकारी यादीत औषधासमोर पेटंट क्रमांक दिलेले असतात. त्यांवरून आंतरराष्ट्रीय अर्ज सापडला आणि त्याची तारीख निघाली १० जानेवारी २००३. म्हणजे भारतात मूळ रेणूवरचे पेटंट अवघ्या चार महिन्यांत संपणार होते.

तरीही एवढ्यावर थांबणे बरोबर नव्हते, कारण एकाच औषधाच्या स्फटिकरूपावर किंवा क्षारावर कंपन्या पुढे वेगळे अर्ज करतात आणि त्यांची वीस वर्षे निराळी मोजली जातात. अशा अर्जांना आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(ड) आडवे येते. माहीत असलेल्या औषधाचे नुसते नवे रूप, गुण वाढल्याशिवाय, पेटंटला पात्र नाही, असे ते सांगते. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी इमॅटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारले, आणि रुग्णाच्या घरातला माणूस म्हणून त्या निकालाविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. नूतनीकरणाचे शुल्क भरले आहे की नाही, हेही नोंदवहीत पाहावे. ते थकले तर पेटंट मुदतीआधीच संपुष्टात येते.

आत्याला सारे समजावून सांगितले, पण गोळी एक दिवसही थांबवायची नाही, हे त्याआधी सांगितले. ते चार महिने भावंडांनी वाटून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधे बाजारात आली. पुढच्या खेपेला आम्ही डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी कंपनी बदलायला हरकत नाही असे सांगून मूळ नावाने चिठ्ठी लिहून दिली. दुकानदाराने सांगितलेली रक्कम पूर्वीच्या निम्म्याहून कमी होती, आणि आत्याने ती त्याला पुन्हा एकदा सांगायला लावली.