वीस कोटी लिटर गोडं पाणी

माझ्या नोकरीची निम्मी वर्षं पनामाच्या झेंड्याखाली गेली. जहाजाच्या पाठीवर नावाखाली मोठ्या अक्षरांत ‘पनामा’ रंगवलेलं, सर्टिफिकेटांवर पनामाचा शिक्का. मालक जपानी, खलाशी फिलिपिनो आणि आपले. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज-नोंदणींपैकी एक या एवढ्याशा देशाकडे आहे, त्यामुळे दर्यावर नोकरी करणाऱ्याच्या तोंडी त्याचं नाव सतत असतं. त्या नावामागचा देश मला खऱ्या अर्थानं भेटला तो २८ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात.

मी तेव्हा एका बल्क कॅरियरवर, म्हणजे धान्यासारखा सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर होतो, कॅप्टनच्या खालोखालचा. न्यू ऑर्लिन्सला मका भरून जपानला निघालो होतो आणि पनामा कालव्याच्या अटलांटिक तोंडाशी, कोलोन शहरासमोर नांगर टाकून आठवडे काढत होतो. आजूबाजूला आमच्यासारखीच नंबर न लागलेली जहाजं. एरवी या कालव्यातून रोज ३६ ते ३८ जहाजं जातात. त्या महिन्यात तो आकडा २४-२५ वर आणला होता. कारण एकच, पाऊस नव्हता. पनामात मे ते डिसेंबर पावसाळा, पण २०२३चा ऑक्टोबर १९५०पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ठरला. रांग टाळायची तर लिलावात बोली लावायची. नोव्हेंबरातच एका जपानी कंपनीनं एका जहाजाच्या नंबरासाठी जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. मक्याच्या जहाजाला तो भाव कुठला परवडणार? कित्येक जहाजं सुएझकडे किंवा आफ्रिकेला वळसा घालून गेली. आम्ही थांबलो.

ताजी भाजीसुद्धा वेळेवर येईना. एजंट फोनवर सांगायचा, रस्ते बंद आहेत. ऑक्टोबरच्या २० तारखेला सरकारनं कॅरिबियन किनाऱ्याजवळच्या जंगलातल्या एका प्रचंड तांब्याच्या खाणीचा करार परदेशी कंपनीशी घाईघाईत मंजूर केला होता. वीस वर्षांचा करार, पुढे आणखी वीस वर्षं वाढवायची सोय. त्यावर देश रस्त्यावर उतरला होता. विद्यार्थी, शिक्षक, बांधकाम मजूर, कोळी, आदिवासी. जेमतेम ४४ लाख लोकवस्तीचा देश, पण महामार्ग आठवडेच्या आठवडे अडवून धरले होते.

अखेर आमचा नंबर लागला. पहाटे पायलट, म्हणजे कालव्यातून जहाज पार नेणारे वाटाडे, चढले. साठीला टेकलेले, ताठ चालीचे, गळ्यात शिट्टी. इथे एक सांगायला हवं. जगात बाकी बहुतेक ठिकाणी पायलट हा सल्लागार असतो, जहाज कॅप्टनच्या जबाबदारीवर चालतं. पनामा कालव्यात मात्र जहाज चालवण्याचा पूर्ण ताबा पायलटकडे जातो. आमच्या कॅप्टनसाहेबांना ते नेहमीच थोडं जड जातं. एखाद्या अनुभवी माणसाला त्याच्याच घरात पाहुणा करून बसवावं, तसं.

पायलटांबरोबर कालव्याचे लाइन हँडलर आले, जहाजाचे दोर सांभाळणारे कामगार. माझी जागा फोक्सलवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या डेकवर, हर्णैच्या बोसनबरोबर, खलाशांच्या मुकादमाबरोबर. समोर गातूनचे तीन लॉक, म्हणजे दरवाजे असलेले प्रचंड हौद, पाण्याच्या तीन पायऱ्या. लॉकची रुंदी साडेतेहतीस मीटर आणि आमचं जहाज सव्वाबत्तीस. दोन्ही बाजूंना हात-दीड हात जागा. भिंतीकडून वल्ह्याची एक छोटी होडी आली. दोन माणसं, एक वल्हवणारा, एक दोर हातात धरलेला. पुढच्या टोकाखाली, पाऊण लाख टनांच्या लोखंडाखाली ती होडी बिनधास्त शिरली. वरून दोरी सोडली, खालच्यानं दोर बांधला, झालं. त्या दोरामागून भिंतीवरच्या इलेक्ट्रिक इंजिनांच्या तारा जहाजावर येतात. ही इंजिनं म्हणजे ‘म्यूल’. जहाज पुढे जातं ते मुख्यत्वे स्वतःच्या इंजिनावर. म्यूल त्याला मधोमध धरतात आणि आवरतात. कालवा १९१४ साली सुरू झाला, योगायोगानं १५ ऑगस्टलाच, आणि होडीतून दोर आणायची ही पद्धत तेव्हापासूनची. बोसन म्हणाला, “साहेब, यांचं काम आमच्या बंदरातल्या पोरांनाही जमंल, पण एवढ्या शांतपणे नाही.”

मागचे दरवाजे बंद झाले आणि पाणी वर येऊ लागलं. कुठे पंप नाही, घरघर नाही. वरच्या तलावातलं पाणी भिंतींच्या पोटातल्या भुयारांतून खाली येतं, तळातल्या छिद्रांतून उकळ्या फुटल्यासारखं वर चढतं आणि आठ-दहा मिनिटांत जहाज दोन-तीन मजले उंच होतं. तीन पायऱ्यांनंतर आपण समुद्रापासून २६ मीटर वर, गातून तलावात.

अनेकांची समजूत असते की पनामा कालवा म्हणजे दोन समुद्रांना जोडणारा चर. तसा तो असता तर पावसाशी त्याचा काही संबंधच नसता. प्रत्यक्षात चाग्रेस नदीवर गातूनचं धरण बांधून डोंगरांच्या मध्ये तलाव केला आहे आणि जहाजं त्या तलावावर चढून पलीकडे उतरतात. एक जहाज पार झालं की साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. आणि हेच पाणी पनामा सिटी आणि कोलोनच्या नळांना येतं, देशातली निम्मी माणसं ते पितात. २०१६ साली मोठ्या जहाजांसाठी नवे लॉक झाले, त्यांच्या शेजारच्या हौदांमुळे साठ टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. जुन्या लॉकना मात्र असे हौद नाहीत, आणि आम्ही जुन्यातून चाललो होतो. पाऊस धो धो पडतो आणि तरी पाणी पुरत नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजवायला नको.

तलाव नेहमीपेक्षा पाचेक फूट खाली होता. मी दोर आवरून ब्रिजवर, जहाज चालवायच्या खोलीत, आलो तेव्हा मार्गाबाहेर पाण्यातून काळे बुंधे वर आलेले दिसले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बुडालेल्या जंगलाची ती खोडं अजून कुजलेली नाहीत. त्या जंगलाबरोबर चाग्रेसकाठची गावंही उठवली गेली, पण धरणग्रस्तांची नावं कालव्याच्या गौरवगाथेत क्वचितच येतात. उजव्या हाताला बारो कोलोरादो बेट दिसलं. ती मुळात टेकडी, पाणी चढलं तसं बेट झालं. १९२३पासून ते राखीव आहे आणि उष्ण प्रदेशातल्या जंगलाचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येतात.

आमचा कॅडेट नकाशा पाहून गोंधळला होता. अटलांटिककडून पॅसिफिककडे जायचं म्हणजे पश्चिमेला, असं त्याच्या डोक्यात, आणि होकायंत्र आग्नेय दाखवतंय. पनामाची चिंचोळी जमीन आडव्या ‘एस’सारखी वळलेली आहे, त्यामुळे कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिकच्या तोंडाच्या पूर्वेला पडतं. पायलटनी त्याला नकाशावर बोट ठेवून हे दाखवलं, आणि मग बोलायला लागले.

“चीफ, आजची तारीख माहीत आहे? १८२१ साली याच दिवशी आम्ही स्पेनपासून सुटलो.” सुटून पनामा कोलंबियात सामील झाला. कोलंबियापासून वेगळा झाला ३ नोव्हेंबर १९०३ला, अमेरिकेच्या युद्धनौका पाठीशी असताना. आणि पंधराच दिवसांत, १८ नोव्हेंबरला, कालव्याचा करार झाला. पनामाच्या वतीनं सही केली ती बुनो-वारिया या फ्रेंच माणसानं. एकाही पनामावासीयाची त्यावर सही नाही. त्या करारानं कालव्याच्या दोन्ही काठांची मिळून सोळा किलोमीटरांची पट्टी अमेरिकेला कायमची मिळाली. देशाचे मधोमध दोन तुकडे.

पायलटांचं लहानपण त्या पट्टीच्या कुंपणाबाहेर गेलं. आत हिरवळ, पोहण्याचे तलाव, अमेरिकन शाळा. बाहेर पत्र्याची घरं. ९ जानेवारी १९६४ला पनामाचे शाळकरी विद्यार्थी आपला झेंडा आतल्या हायस्कूलसमोर लावायला गेले. झटापटीत झेंडा फाटला, दंगल पेटली आणि एकवीस पनामावासी मारले गेले. पायलटांच्या मोठ्या भावाच्या पायात तेव्हा गोळी घुसली होती. “तो अजून लंगडतो,” ते म्हणाले, आणि मध्येच सुकाणूवाल्याला कोर्स दिला. १९७७ साली पनामाचे नेते तोरिहोस आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यात करार झाला आणि ३१ डिसेंबर १९९९च्या दुपारी कालवा पनामाचा झाला. पायलट त्या गर्दीत होते. मधल्या काळात १९८९मध्ये अमेरिकन फौजा पनामाचा लष्करशहा नोरिएगाला पकडायला आल्या, शहराचा एक गरीब भाग जळून गेला. नंतर पनामानं सैन्यच रद्द केलं. गांबोआजवळ, काठावरच, एल रेनासेर तुरुंग आहे. नोरिएगानं शेवटची वर्षं तिथे काढली.

हे बोलणं चालू असतानाच त्यांचा फोन वाजू लागला. एक झाला की दुसरा. खाली मेन डेकवर सावलीत बसलेले लाइन हँडलर एकदम उठून उभे राहिले, कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी एकमेकांना मिठ्या मारल्या. सर्वोच्च न्यायालयानं खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला होता, तोही एकमतानं. देशाच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा त्या खाणीचा. हजारो नोकऱ्या जाणार हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पायलटांचे डोळे भरून आले होते. “करारांवर आमची सही नसायची,” ते म्हणाले. “या वेळी आम्हाला विचारलं नाही, तर आम्ही ऐकवलं.”

मग कुलेब्रा कट आला आणि ते गप्प झाले, कारण तिथे लक्ष हलवून चालत नाही. डोंगराची रांगच इथे कापून काढली आहे. आधी फ्रेंचांनी प्रयत्न केला, सुएझ कालवा खोदणाऱ्या द लेसेप्सनी, १८८१ ते १८८९. पिवळा ताप आणि मलेरियानं सुमारे २२ हजार माणसं मेली. रोग डासांमुळे होतो हे तेव्हा माहीत नव्हतं. इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत आणि त्याच पाण्यात डास वाढत. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत मलेरियाचा डास शोधला, पिवळ्या तापाचं कोडं क्यूबात सुटलं, आणि त्या ज्ञानावर गॉर्गस या डॉक्टरनं पनामातली डबकी, टाक्या, गटारं साफ करून घेतली. मगच अमेरिकनांचं खोदकाम पार पडलं. त्यातही ५,६०९ माणसं गेली, बहुतेक बार्बाडोस-जमैकाकडचे कृष्णवर्णीय मजूर. गोऱ्यांना पगार सोन्यात, यांना चांदीत. पोस्टाच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या. आमच्या डेकवरचे अर्धे कामगार त्याच मजुरांचे पणतू होते.

पेद्रो मिगेलच्या लॉकसाठी पुन्हा फोक्सलवर गेलो. उतरताना पाणी हळूच पायाखालून जातं. माझ्याजवळ उभ्या असलेल्या तरुण लाइन हँडलरला मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, खाणीच्या निकालानं खूश ना? तो हसला, आणि मग कालव्याच्या पश्चिमेकडे हात केला. तिकडे इंडिओ नदीच्या खोऱ्यात त्याच्या मावशीची जमीन. कॉफी, कसावा, थोडी गुरं. कालव्याला पाणी कमी पडतं म्हणून त्या नदीवर धरण बांधायचा विचार चालू होता, सुमारे दोन हजार माणसं उठतील असा अंदाज. “खाण नको म्हणणं सोपं आहे,” तो म्हणाला. “कालवा नको कसं म्हणू? माझा पगार इथून येतो.” मावशी त्याला काय म्हणते, असं मी विचारलं. ती म्हणते, तू दोर धरतोस त्या जहाजांसाठीच माझं घर बुडणार. हे त्यानं कुठलाही आव न आणता सांगितलं, तार सुटायची वेळ झाली तसा खाली वाकला आणि कामाला लागला.

मिराफ्लोरेसच्या दोन पायऱ्या उतरून आम्ही पॅसिफिकच्या पातळीला आलो. उजेड उतरत होता. ‘ब्रिज ऑफ द अमेरिकाज’ या पुलाखालून जाताना डावीकडे पनामा सिटीचे काचेचे मनोरे दिसले: बँका, विमा, जहाज कंपन्या. या शहरात नोटा अमेरिकन डॉलरच्या चालतात, स्वतःच्या बाल्बोआची फक्त नाणी असतात. पायलटनी निरोप घेताना कॅप्टनसाहेबांचा हात हातात धरून जपानपर्यंतच्या हवामानाची चौकशी केली.

त्यानंतर २०२४च्या पावसानं तलाव भरला आणि जहाजांची संख्या पूर्वपदावर आली. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्या भाषणात कालवा परत घेऊ असं जाहीर केलं, तेव्हा मी घरी, रजेवर होतो. मला संताप आला. आणि इंडिओ नदीचं धरण आता नुसता विचार राहिलेला नाही, कालव्याच्या प्राधिकरणानं ते बांधायचं ठरवलं आहे. खोऱ्यातले लोक विरोध करतायत. काहींचा होकार, काहींचा नकार, पुनर्वसनाची बोलणी चालू. त्या बातम्या स्पॅनिशमध्ये येतात, मी भाषांतर करून वाचतो.