सीजे-३बी : गिअरचा नॉब अखेर बसला

मागच्या महिन्यात माझ्या सीजे-३बी जीपचा दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना लिव्हरचा नॉब हातातच आला. बाहेरून एक बारीक चीर दिसत होती, पण खरं दुखणं आत होतं. बेकेलाइटमधलं पितळी बुश, म्हणजे आतून आटे असलेली नळी, सुटून जागच्या जागी फिरत होतं. चिकटवून पाहिलं, दोन दिवस टिकलं.

पहिला नवा नॉब अॅल्युमिनियमचा आणला. भोक १० मिलिमीटरचं, दीडचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. लिव्हरच्या टोकाला व्हर्निअर लावला तर ९.४ भरलं. झिजलं असेल असं समजून नॉब फिरवला. दोन फेरे छान गेला आणि तिसऱ्याला अडकला. तिथे जोर लावला नाही हे फार बरं झालं. थ्रेड गेज लावल्यावर कळलं, इंचाला १६ आटे, म्हणजे ३/८ इंची जाड आटा. दोन आट्यांमधलं अंतर १.५ नाही, १.५९ मिलिमीटर. फरक केसाएवढा, पण दर आट्याला साचत जातो. जोर केला असता तर लिव्हरचेच आटे गेले असते. या गाड्यांवरून इतके हात फिरलेत की कुणी कधी दांडीवर आटे पाडायचा कुठला डाय चालवला असेल सांगता येत नाही. तुमच्या लिव्हरवर वेगळं माप निघू शकतं, तेव्हा पाकिटावरचं गाडीचं नाव न बघता आधी गेज लावा.

दुसरा नॉब भरीव पितळेचा. आटे बरोबर, दिसायला देखणा, हातात घेतला की सोडवत नव्हता. पण या गाडीच्या टी-९० गिअरबॉक्सची लिव्हर लांब आहे आणि तिच्या टोकाला एवढं वजन आलं की खडबडीत वाटेवर ती सतत थरथरते. माझ्या गिअरबॉक्समधल्या, गिअर जागी धरून ठेवणाऱ्या गोळ्या-स्प्रिंगा जुन्या आहेत. एका उतारावर दुसरा गिअर आपोआप निसटला आणि इंजिनाचा आवर गेला. त्याच संध्याकाळी तो नॉब काढला. दुरुस्ती स्प्रिंगांची करायला हवी हे मान्य, ती यादीत आहेच, पण तोवर जड नॉब नको. शिवाय उन्हात पितळ हाताला चटका देतं.

तिसरा मिळाला तो जुना बेकेलाइटचा. खरा की नाही बघायला अंगठ्याने जोरात घासला. गरम होताच कार्बोलिकसारखा उग्र वास आला आणि मी निश्चिंत झालो. आतलं बुश मात्र ५/१६ इंची होतं. इथे एक सोय आहे. ३/८ च्या १६ आट्यांच्या टॅपसाठी (भोकात आटे पाडायचं हत्यार) ड्रिल ५/१६ इंचाचंच लागतं, म्हणजे एका भोकात जुने आटे साफ होतात आणि नवे पाडायला जागा तयार होते. बुशची भिंत जाड आहे ना, एवढं आधी बघा. नॉब थेट व्हाइसमध्ये धरू नका. बेकेलाइट वाकत नाही, तडकतं. मी लाकडाच्या दोन ठोकळ्यांत गोल खाच करून धरला, ड्रिल सावकाश चालवलं आणि टॅप हाताने, अर्धा फेरा पुढे, पाव मागे.

खाली चेक नट हवाच. नॉब पूर्ण पिळून बसवला तर वरची खूण कुठल्याही दिशेला थांबते. माझ्या नॉबवर तीन गिअरचा एच कोरलेला आहे : रिव्हर्स डावीकडे पुढे, त्यामागे पहिला, उजवीकडे दुसरा आणि तिसरा. खूण सरळ आली तिथे थांबून खालून नट आवळला. थ्रेड लॉकर लावला नाही, पुढे नॉब काढताना बुश पुन्हा सुटायला नको.

डाना १८ ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, दोन्ही छोट्या लिव्हरना एकसारखेच गोल नॉब लावायचा विचार होता, तो सोडला. समोरचा अॅक्सल जोडल्याशिवाय लो (कमी वेग, जास्त जोर) लागत नाही, त्यामुळे या दोन लिव्हर ठरावीक क्रमाने चालवाव्या लागतात. चढावर नजर वाटेवर असते, तेव्हा कुठली दांडी हातात आहे हे बोटांनीच ओळखायचं. म्हणून अॅक्सलच्या लिव्हरला गोल नॉब ठेवला आणि हाय-लोच्या लिव्हरला लांबट बघतोय. तिचे आटे मोजून झालेत, इंचाला २४.