चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा: स्पितीच्या वाटेवर क्रॉसच्या आवाजाचा शोध

गेल्या सप्टेंबरात मी आणि माझा भाचा माझी जुनी पेट्रोल फोर-बाय-फोर घेऊन पुण्याहून स्पितीला गेलो. सिमल्याकडून वर चढायचे, किन्नौरमार्गे काझा गाठायचे आणि कुंझुम खिंड ओलांडून मनालीकडे उतरायचे, असा नेहमीचा मार्ग होता. ताबोचा मठ, कीचे गोंपा, चिचमचा पूल यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यांचे वर्णन येथे करत नाही. या प्रवासाचे तीन दिवस आम्ही गाडीखालून येणाऱ्या एका आवाजाच्या शोधात घालवले. तो शोध कसा लागला हे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या जुन्या गाड्या घेऊन या रस्त्याला जाणारे अजूनही बरेच आहेत.

गाडीची रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. गिअरबॉक्सपासून एक आखूड शाफ्ट वेगळ्या बसवलेल्या ट्रान्सफर केसपर्यंत (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीपर्यंत) येतो. तेथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या हाउसिंगला (दोन चाकांमधल्या, डिफरन्शियल असलेल्या लोखंडी पेटीला) आणि दुसरा पुढच्या हाउसिंगला जातो. प्रत्येक प्रोपेलरच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. क्रॉस म्हणजे शाफ्टला कोनातही फिरू देणारा चार भुजांचा सांधा; प्रत्येक भुजेवर बेअरिंगची एक टोपी बसते. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब आहेत; ते लॉक केले की चाक अॅक्सलला जोडले जाते, मोकळे केले की सुटते. टू-व्हीलमध्ये ते मोकळे ठेवले की पुढचा प्रोपेलर, पुढचा डिफरन्शियल आणि अॅक्सल काहीच फिरत नाही. आवाज शोधण्याच्या कामात या मोकळ्या हबांइतके उपयोगी हत्यार दुसरे नाही, आणि ते गाडीसोबतच मिळालेले असते.

नाको सोडून मालिंग नाल्याचे पाणी ओलांडले आणि चांगोच्या उतारावर भाच्याने खिडकी खाली करून विचारले, "मामा, ही चिमणी कुठे ओरडतेय?" मला काही ऐकू आले नव्हते, कारण इंजिनाच्या आवाजात ते बुडून जात होते. पुढे एका कड्याच्या भिंतीला लागून हळू जाताना मात्र स्पष्ट आले: चिर्र, चिर्र, चिर्र, अगदी ठरलेल्या अंतराने. वेग वाढला की आवाज घाईने यायचा आणि तीसच्या पुढे तो हरवून जायचा. आवाज बारीक असेल तर भिंतीच्या किंवा कठड्याच्या कडेने, खिडक्या उघड्या ठेवून, कमी वेगाने जावे. भिंत आवाज परत फेकते आणि तो डावीकडचा की उजवीकडचा हेही पुष्कळदा कळते.

वाटेतल्या एका थांब्यावर एका ट्रकचालकाने आवाज ऐकून पुढच्या चाकाचे बेअरिंग गेल्याचे सांगितले. दुसऱ्या एकाने "क्राऊन बोलतोय" (म्हणजे हाउसिंगमधले मोठे दातेरी चाक) असे निदान केले. दोघेही मनापासून मदत करत होते, पण दोघेही आवाज ऐकून थेट पार्टचे नाव घेत होते. मला वाटते, चूक तेथेच होते. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाशी बांधलेला आहे हे आधी पाहिले पाहिजे: इंजिनाच्या फेऱ्यांशी, चाकांच्या वेगाशी, अॅक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याशी, की स्टिअरिंग वळवण्याशी. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की संशयित पार्ट एक-दोनच उरतात.

ताबोला त्या संध्याकाळी गावाबाहेरच्या एका सपाट पट्ट्यावर आम्ही शांतपणे तपासणी केली. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू: आवाज नाही. क्लच दाबला आणि सोडला, तरी फरक नाही. क्लच सोडल्यावर घरघर येऊन दाबल्यावर बंद झाली असती, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय गेला असता. दाबल्यावर सुरू झाली असती तर रिलीज बेअरिंगवर. मग सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला न्यूट्रल करून गाडी नुसती धावू दिली. (ही चाचणी घाटाच्या उतारावर कधीही करू नये.) हाउसिंगमध्ये क्राऊन-पिनियन झिजले असेल तर गाडी ओढताना एक सूर आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा सूर लागतो, तसा कोणताच सूर आला नाही. डावी-उजवी वळणे घेतली. चाकाचे बेअरिंग गेले असेल तर वळताना बाहेरच्या चाकावर भार पडतो आणि गुणगुण वाढते, म्हणजे उजवीकडे वळताना वाढली तर डावे चाक पाहायचे. तेही झाले नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून फोर-व्हीलमध्ये मातीवर फिरवली, तेव्हा पुढच्या सीव्ही जॉइंटची (चाकाजवळच्या सांध्याची) कटकट आली नाही.

त्यानंतर मोजणी केली, आणि मला वाटते सगळ्या शोधातला हाच निर्णायक भाग होता. मागच्या डाव्या टायरच्या कडेवर खडूने एक जाड रेघ ओढली, हब मोकळे करून गाडी टू-व्हीलमध्ये ठेवली आणि हलक्या उतारावर, इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवत माणसाच्या सावकाश चालीने ती उतरू दिली. भाचा शेजारून वाकून चालत होता. रेघ खाली येऊन पुन्हा खाली येईपर्यंत त्याने चार चिर्र मोजले. तीनदा केले, तिन्ही वेळा चार. आवाज चाकाच्या एका फेऱ्याला एकदा येत असेल तर तो चाकाचा, ड्रमचा किंवा टायरमध्ये रुतलेल्या दगडाचा. आमच्या गाडीत मात्र चाक एकदा फिरते तेव्हा प्रोपेलर साधारण चार वेळा फिरतो. हब मोकळे असल्याने पुढचा प्रोपेलर फिरतच नव्हता. याचा अर्थ आवाज मागच्या प्रोपेलरचाच होता, आणि चिमणीसारखी चिरचिर म्हणजे बहुतेक वेळा कोरडा पडलेला क्रॉस.

चाकांना पुढून-मागून दगड लावून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मी खाली सरकलो. ट्रान्सफर केसकडचा क्रॉस स्वच्छ होता, चारही टोप्यांच्या कडेला काळे ग्रीस दिसत होते. हाउसिंगकडच्या क्रॉसला एका टोपीभोवती विटेच्या भुकटीसारखी तांबूस पूड जमली होती. बोटाला लागली तेव्हा ती कोरडी होती. निघण्यापूर्वी पुण्यात गॅरेजमधून ग्रीसिंग करून घेतले होते, पण निपल (ग्रीस भरायचे तोंड) वरच्या बाजूला फिरले असेल तर पंप तेथे पोहोचत नाही आणि तो क्रॉस राहून जातो. म्हणून ग्रीस मारताना गाडी थोडी पुढे-मागे करून प्रत्येक निपल समोर आणायला सांगावे, आणि आपण स्वतः तेथे उभे राहून पाहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाने ग्रीस भरले. तीन टोप्यांमधून जुने, तांबडे ग्रीस बाहेर येऊन मग नवे आले. चौथी टोपी मात्र तशीच राहिली. चारही टोप्यांतून नवे ग्रीस डोकावल्याशिवाय क्रॉसला ग्रीस मिळाले असे समजू नये. त्या दिवशी काझापर्यंत आवाज बंद राहिला आणि ताबोला जे समाधान वाटले होते ते खोटे ठरू लागले, कारण संध्याकाळी चिर्र परत आली आणि रिव्हर्स टाकताना "ठक्" असा एक नवा आवाजही येऊ लागला. चिरचिर म्हणजे कोरडेपणा, ठक् म्हणजे ढिलाई. ढिला क्रॉस घेऊन कुंझुम चढायचे नाही हे आम्ही तेव्हाच ठरवले. धावत्या गाडीत क्रॉस तुटला तर सुटलेला शाफ्ट गाडीखाली आपटत राहतो, आणि त्यापायी ब्रेकची पाइपही तुटू शकते.

काझाच्या एका छोट्या गॅरेजमध्ये तिथल्या मेकॅनिकने आमच्यासमोर काम केले. शाफ्ट उतरवण्यापूर्वी त्याने फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि सरकत्या जोडावर व्हाइटनरच्या खुणा केल्या. शाफ्टची दोन्ही टोके एका रेषेत परत बसली नाहीत, तर क्रॉस नवा असूनही गाडी थरथरते. सर्क्लिप (टोपी जागेवर धरणारी कडी) काढून टोपी ठोकून बाहेर काढली तेव्हा त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली. आत सुयांसारखे रोलर तांबडे पडून एकमेकांना चिकटले होते आणि क्रॉसच्या भुजेवर प्रत्येक रोलरने आपली बारीक खाच पाडली होती, नखाने जाणवेल इतकी. नवा क्रॉस मी सोबत नेला होता, म्हणून काम दीड तासात झाले. आपल्या गाडीचा क्रॉस, सर्क्लिपसह, आणि फ्लँजचे चार नट-बोल्ट इतके तरी डिकीत असावे. तेवढ्या सामानाला जागा फारशी लागत नाही.

क्रॉस जवळ नसेल तर दुसरा मार्गही आहे. मागचा प्रोपेलर दोन्ही टोकांकडून उघडून बाजूला ठेवायचा, हब लॉक करायचे आणि फोर-हायमध्ये (फोर-व्हीलच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) पुढच्या चाकांवर गाडी हळूहळू गावापर्यंत आणायची. आमच्या गाडीत हे चालते, कारण शाफ्टला दोन्हीकडे फ्लँज आहेत आणि तो काढल्यावर ट्रान्सफर केसमधून तेल गळत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. अशा काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. मागचा शाफ्ट काढला की तो मागच्या चाकांना धरत नाही. तेव्हा उतारावर शाफ्टला हात लावण्यापूर्वी चाकांना दगड लावलेच पाहिजेत, हँडब्रेकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

काझाहून पेट्रोल भरून निघालो, कारण तेथून मनालीपर्यंतच्या सुमारे 200 किलोमीटरमध्ये पंपाच्या भरवशावर राहता येत नाही. लोसर हे खिंडीआधीचे शेवटचे गाव. त्यानंतर कुंझुमची साडेचार हजार मीटरची उंची, मग बाताल आणि छत्रू येथील ढाबे, आणि मधला बराचसा रस्ता गोट्यांचा. आम्हाला मोबाइलची रेंज मिळाली नाही. या टप्प्यावरचे नाले सकाळी लवकर ओलांडावेत. दुपारी वर बर्फ वितळून पाणी चढते आणि सकाळचा घोटाभर नाला गुडघ्यापर्यंत येतो.

बातालच्या पुढे अचानक कर्कश किंचाळी सुरू झाली, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. भाचा घाबरला, पण हा आवाज ब्रेक दाबताच बदलत होता. पुढच्या डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकला होता. गाडी चार-पाच मीटर मागे घेतली आणि तो खाली पडला. गोट्यांच्या रस्त्यावर असा आवाज आला तर आधी रिव्हर्स घेऊन पाहावे, मगच चाक खोलावे.

मनालीला पोहोचल्यावर दोन्ही हाउसिंगचे तेल तपासले. नाल्याच्या थंड पाण्यात तापलेले हाउसिंग एकदम निवते, आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा श्वासनळीतून (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीतून) पाणी आत ओढले जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की पाणी तळाशी बसते, म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ड्रेन प्लग हळूच सैल करून पाहावे. पुढच्या हाउसिंगमधून स्वच्छ तेल आले. मागच्यामधून आधी काही थेंब पाणी आले आणि त्यानंतर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे तेल. ते सगळे काढून 80डब्ल्यू-90 जीएल-5 प्रतीचे गिअर तेल भरले. गिअरबॉक्समध्ये मात्र पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घालावे, कारण जुन्या पितळी सिंक्रोंना (गिअर सहज पडू देणाऱ्या कड्यांना) जीएल-5 मानवत नाही. श्वासनळीचे टोक आता रबरी नळी लावून बॉनेटपर्यंत वर आणले आहे, आणि नव्या क्रॉसला मनालीला पुन्हा ग्रीस मारले तेव्हा ते चारही टोप्यांमधून बाहेर आले.